जोडे शिवणाऱ्यांच्या गावातलं गोष्टींचं रान

ऑक्टोबरात आइंडहोवनला सकाळचे आठ वाजले तरी झुंजूमुंजूच असतं. लेकीकडे येऊन आम्हाला महिना होत आला होता, दिवाळी तोंडावर होती आणि नातवंडांच्या शाळेला आठवड्याची सुट्टी लागली होती. या सुट्टीचं मला आधी कोडंच पडलं. परीक्षा झालेली नाही, सण नाही, मग सुट्टी कसली? शेजारच्या डच आजीबाईंनी उलगडा केला. पूर्वी याच दिवसांत बटाटे काढायचे असत, घरातली पोरंसोरं शेतावर लागत, म्हणून शाळा बंद ठेवत. जुनी माणसं तिला बटाट्याची सुट्टी म्हणत. आता बटाटे यंत्रं काढतात, सुट्टी मात्र राहिली. शाळांच्या सुट्ट्यांपुरते नेदरलँड्सचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग केले आहेत. सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नये म्हणून सुट्ट्या थोड्या मागेपुढे देतात. मला ही सोय फार शहाणपणाची वाटली.

आम्ही सहा जण निघालो. मी, हे, लेक, जावई, नऊ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. जायचं होतं एफ्टेलिंगला. हे नेदरलँड्समधलं सगळ्यात मोठं थीम पार्क. वर्षाला पन्नास लाखांहून जास्त माणसं तिथं जातात, आणि त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या आहे जेमतेम एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या मुंबई परिसराएवढीही नाही. थीम पार्क म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पाण्याच्या घसरगुंड्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी उभी राहिली होती. पोरांचा दिवस आनंदात जावा, आपण एखाद्या बाकावर सावलीला बसावं, एवढ्याच तयारीनं मी गाडीत बसले. प्रत्यक्षात दिवसभरात बाकावर टेकले ती फक्त धपाटे खायला.

पाऊण तासाची वाट. हा सगळा मुलूख ब्राबांटचा. नेदरलँड्स म्हटलं की कालवे, बांध आणि समुद्राला मागे रेटून मिळवलेली काळी जमीन असं चित्र आपल्या मनात असतं. ब्राबांट तसा नाही. इथली जमीन रेताड, हलकी, कमी पिकणारी. लोक बहुतेक कॅथलिक, आणि शतकानुशतकं गरीब. आइंडहोवनला लागूनच न्यूनन नावाचं गाव आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग तिथं राहत होता आणि १८८५ साली त्यानं तिथंच ‘बटाटे खाणारी माणसं’ हे चित्र काढलं. दिव्याच्या उजेडात एका ताटलीभोवती बसलेलं शेतकरी कुटुंब, खरबरीत हात, हाडं वर आलेले चेहरे. ते चित्र मी पुस्तकात कैकदा पाहिलं होतं. ज्या जमिनीतनं ते बटाटे निघाले ती जमीन आज गाडीच्या काचेतनं दिसत होती आणि सुट्टीचं नावही त्याच बटाट्यांवरून पडलेलं, हे मनात जुळल्यावर प्रवासाचा रंगच बदलला. रस्त्याच्या कडेनं पॉपलरची सरळसोट झाडं पिवळी होऊन उभी होती. लाकडी जोडे, म्हणजे इथले ते प्रसिद्ध क्लॉम्पेन, याच लाकडाचे कोरत. ओल्या रेताड शेतात चामडं कुजतं, लाकूड टिकतं.

वाटेत टिलबर्ग लागलं. हे शहर एकेकाळी लोकरीच्या कापडाचं. लोकर धुऊन तिच्यातलं तेल काढायला आणि कापड घट्ट करायला पूर्वी मानवी मूत्र लागे. गरीब घरांतले लोक ते मडक्यात साठवून गिरण्यांना विकत. त्यावरनं टिलबर्गच्या लोकांना ‘मडक्यात मुतणारे’ अशा अर्थाचं एक टोपणनाव पडलं. आजही कार्निव्हलच्या दिवसांत तिथली माणसं ते नाव अभिमानानं मिरवतात. आजोबा-पणजोबांच्या कष्टाची लाज न बाळगणं ही मोठी गोष्ट आहे. जावयांनी हे सांगितल्यावर नातू बराच वेळ हसत होता, आणि मी त्याला हसू दिलं.

टिलबर्ग सोडून उत्तरेला वळलं की लांगस्त्राट नावाचा पट्टा सुरू होतो. लांगस्त्राट म्हणजे लांब रस्ता. एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबट पसरलेली गावं, म्हणून हे नाव. इथं पूर्वी दलदल होती. त्या दलदलीत हजारो वर्षं झाडपाला कुजून तयार झालेला थर, ज्याला पीट म्हणतात, तो कापून, वाळवून जळणाला विकायचा हा लोकांचा धंदा. तो थर संपत आला तशी पोटाची पंचाईत झाली. मग गुरं होती, गुरांची कातडी होती, कातडी कमावायला ओकच्या झाडाची साल होती. लोक जोडे शिवायला लागले. वालवाइक, काट्सहूवल, लोन-ओप-झांड, द्रूनन, दोंगन, या सगळ्या गावांत घराघरांत हेच काम. पुढच्या खोलीत बाप कळबुतावर चामडं ताणतोय, आई वरचा भाग शिवतेय, पोरं खिळे ठोकतायत.

आम्ही कोल्हापूरचे. चप्पल लाइनीतून शाळेला जाण्यात माझं लहानपण गेलं. कमावलेल्या कातड्याचा तो उग्र, गोडसर वास अजून नाकात आहे. आपल्याकडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात, त्यांच्याकडं ओकची साल. झाड वेगळं, पण झाडाच्या सालीतला तुरट रस कातड्याला कुजू देत नाही ही युक्ती एकच. सात हजार किलोमीटरवरच्या दोन गावांतल्या माणसांना ती आपापली सापडली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. लांगस्त्राटच्या नशिबी मात्र निराळंच होतं.

तिथं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखाने उभे राहिले, पण मजुराची दैना संपली नाही. बऱ्याच मालकांची स्वतःची दुकानं असत. मजुरानं किराणा त्याच दुकानातनं घ्यायचा, मालक सांगेल त्या भावानं, आणि पगार त्यातच वळता व्हायचा. आठवडाभर राबून हातात नाणं पडायचं नाही. या गावांना जोडणारी एक रेल्वे होती. तिला लोक ‘अर्ध्या तळव्यांची गाडी’ म्हणत, कारण या भागाची ओळखच जोड्याचा तळवा. १९६० नंतर बाहेरच्या देशांतनं स्वस्त जोडे आले आणि एकामागून एक कारखाने बंद पडत गेले. रेल्वेही गेली. त्या रुळांच्या जागी आता सायकलचा रस्ता आहे, आणि नाव तेच ठेवलं आहे.

एफ्टेलिंग आहे ते या काट्सहूवल गावात. हे मला निघताना ठाऊक नव्हतं. वाटेत ऐकलं आणि मी सावरून बसले.

सुरुवात झाली ती गावातल्या पाद्र्यांपासून. कारखान्यातनं सुटलेल्या तरुणांना आणि पोरांना खेळायला जागा असावी म्हणून १९३० नंतरच्या मंदीच्या काळात त्यांनी गावाबाहेरच्या रेताड माळावर एक क्रीडांगण काढलं. १९३५ साली ते सुरू झालं. सोबत झाडीतली फिरायची वाट, झोपाळे. महायुद्ध होऊन गेल्यावर १९४९ साली याच जागेवर जोड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि बाहेरची माणसं पहिल्यांदा एवढ्या संख्येनं या गावात आली. गावच्या महापौरांच्या लक्षात आलं की माणसं येऊ शकतात, फक्त येण्यासारखं काहीतरी हवं. १९५० साली एक प्रतिष्ठान स्थापन झालं. आजही या सगळ्या पसाऱ्याची मालकी त्या प्रतिष्ठानाकडेच आहे, आणि मिळकत पुन्हा बागेतच घातली जाते. एफ्टेलिंग हे नाव आलं ते इथल्या एका जुन्या शेतवाडीच्या नावावरून.

आत शिरताना एक प्रचंड छप्पर डोक्यावर येतं. पाच टोकदार शिखरं, आणि सगळं पाणथळीतल्या बोरूनं शाकारलेलं. कोकणात आणि आमच्या राधानगरीकडे गवतानं शाकारलेली घरं मी पाहिली आहेत, पण एवढ्या उंचीची, एवढ्या वळणांची शाकारणी कधी पाहिली नव्हती. प्रत्येक पेंढी हातानं बसवलेली कळत होती. हे गर्दीत मागं राहून मान वर करून बघतच राहिले. त्यांना शेवटी नातीनं ओढत आणलं.

लोकांचा लोंढा बहुतेक मोठ्या पाळण्यांकडे धावतो. लेकीनं आम्हाला दुसरीकडे वळवलं, झाडीत. एफ्टेलिंगचा हा सगळ्यात जुना भाग, परीकथांचं रान. ३१ मे १९५२ ला ते उघडलं तेव्हा त्यात दहा गोष्टी होत्या. आता त्याच्या दुपटीहून जास्त आहेत.

पहिली गोष्ट लक्षात आली ती शांतता. हे खरंखुरं रान आहे. ओक, बर्च, पाइन. पानगळीचा ऐन मोसम. पायाखाली तांबडी-पिवळी पानं, त्यांचा ओला वास. कुठं भोंगा नाही, जाहिरात नाही. वाट वळते, आणि झाडाआड एक गोष्ट उभी असते. वाट पुन्हा वळते आणि ती गोष्ट दिसेनाशी होते. एका वेळी एकच. आपण मुलांना रात्री गोष्ट सांगतो तेव्हा असंच करतो की.

वाटेच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची लाल अळंबी दिसली. आमच्याकडं जिला कुत्र्याची छत्री म्हणतात त्यातलीच, पण गुडघ्याएवढी उंच. त्यातनं बारीक तारवाद्याचा आवाज येत होता. नातू उकिडवा बसला, टोपी मागं सारली आणि अळंबीला कान लावला. त्याचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. मग तो उठून दुसऱ्या अळंबीकडं गेला, तिसरीकडं गेला. वीसेक पावलांवर एका बर्चच्या बुंध्याशी पानांतनं डोकं काढलेली आणखी एक लाल टोपी होती, अंगठ्याएवढी. तिलाही त्यानं कान लावला. ती मात्र गप्प होती. ती खरी होती. ही विषारी लाल अळंबी याच दिवसांत बर्चखाली उगवते. खोटीजवळ खरी उगवावी, आणि पोरानं दोन्हींना सारखाच कान लावावा. ऑक्टोबरातच इथं यावं याचं एवढं एक कारणही मला पुरे आहे.

हे रान ज्यांनी उभं केलं ते दोघं. एक अँटोन पीक, चित्रकार. जन्म १८९५ चा. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि पुस्तकांची चित्रं काढायचे. अरबी सुरस कथांच्या डच आवृत्तीची चित्रंही त्यांचीच. दुसरे पीटर रायन्डर्स, चित्रपट काढणारे आणि हातानं यंत्रं जुळवणारे आइंडहोवनचे गृहस्थ. हे मघाशी सांगितलेल्या महापौरांचे मेहुणे. त्यांनी १९५१ साली फिलिप्स कंपनीच्या वर्धापनदिनानिमित्त आइंडहोवनमध्ये परीकथांचे हलते देखावे केले होते. ते बघून महापौरांना सुचलं की हे आपल्या गावात कायमचं का असू नये.

पीक सुरुवातीला तयार नव्हते. पुठ्ठ्याचं आणि प्लास्टरचं काहीतरी जत्रेतल्यासारखं करतील अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी अट घातली ती सामानाची. वीट खरी हवी, कौलं खरी, जुनी हवीत, लाकूड खरं हवं. ही अट पाळली गेली, आणि माझ्या मते एफ्टेलिंगचं सगळं यश या अटीत आहे. चेटकिणीच्या घराच्या भिंतीवरनं मी हात फिरवला. वीट गार होती, तिच्यावर शेवाळ होतं, सांध्यात नेचे उगवले होते. सत्तर पावसाळे झेललेली भिंत सत्तर वर्षांचीच दिसते. प्लास्टिक जुनं होत नाही, ते नुसतं मळतं. पीक १९८७ साली गेले. त्यांच्या चित्रातली थोडी पोक आलेली घरं, वाकडी धुराडी, गाठी पडलेली झाडं पुढच्या माणसांनीही सोडली नाहीत. त्यांच्या मागं बागेची धुरा ज्यांनी सांभाळली ते टोन व्हॅन दे व्हेन त्यांच्याच हाताखाली तयार झालेले होते.

रानाच्या मध्यावर लांगनेक बसलेला आहे. लांब मानेचा सेवक, ग्रिम बंधूंच्या गोष्टीतला. बसल्या बसल्या त्याची मान वर, वर, आणखी वर जाते, तो चहूकडं बघतो आणि मान खाली येते. बस्स, एवढंच. १९५२ पासून तो हेच करतो आहे. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या आज्या स्वतः लहान असताना इथं उभ्या होत्या हे त्यांच्या चेहऱ्यावरनं कळत होतं. एका आजोबांनी नातवाला उचलून खांद्यावर घेतलं, आणि मान वर जाताना आजोबा-नातू दोघांचीही तोंडं एकाच वेळी उघडी पडली. टेकाडावरच्या किल्ल्यात निद्रिस्त राजकन्या आहे. तिच्याजवळ गेलं की तिची छाती श्वासाबरोबर वरखाली होताना दिसते. रायन्डर्सनी सत्तर वर्षांपूर्वी त्या काळच्या साध्या यंत्रांनी हा श्वास जुळवला, आणि तिथं मोठमोठी माणसंही हळू आवाजात बोलत होती.

पुढं एका छोट्या चौकात लाल जोडे नाचत होते. माणूस नाही, नुसतेच जोडे. टाच, चवडा, टाच. अँडरसनच्या मूळ गोष्टीत ते जोडे घालणाऱ्या पोरीचा नाच थांबतच नाही आणि शेवटी तिचे पाय तोडावे लागतात. इथं पाय तोडणं नाही, पोर नाही, राहिलेत ते फक्त जोडे. बाग उघडल्यावर वर्षभरातच, १९५३ साली, हे बसवले. त्या काळी हे बघायला येणाऱ्या काट्सहूवलच्या बऱ्याच माणसांचं पोट जोड्यांवरच चालत होतं. आपल्या हातच्या कामाला आपोआप नाचताना बघून त्यांना काय वाटलं असेल? ह्यांनी बराच वेळ वाकून शिवण निरखली. आमच्या सासऱ्यांचं चपलांचं दुकान होतं. “टाच हातशिवणीची दिसतीय,” एवढंच ते म्हणाले.

मग भेटली आपल्याकडची माणसं. एका बुरुजाच्या खिडकीत फकीर बसलेला, पुंगी वाजवतोय. पुंगीबरोबर समोरच्या हिरवळीतनं ट्यूलिपची फुलं वर येतात. मग तो फकीर गालिच्यावर बसून रानावरनं तरंगत दुसऱ्या बुरुजावर जातो आणि तिथली फुलं उगवतात. १९५८ सालचा हा देखावा. नात म्हणाली, “आजी, आपल्याकडं असं कुणी उडतं का?” मी म्हटलं, कुणी उडत नाही, पण फुलाची गोष्ट खोटी नाही. ट्यूलिप मुळात डच नाहीच. ते पूर्वेकडचं, तुर्कस्तानातनं सोळाव्या शतकात युरोपात आलं. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १५९३ च्या सुमारास ते लायडनच्या बागेत लावलं. ज्या फुलावर हा देश आपली ओळख सांगतो ते पूर्वेकडनं आलं, हे डच माणसानं आपल्या मुलांच्या बागेत फकिराच्या रूपानं मान्य केलं आहे.

‘भारतीय कमळं’ नावाचा मोठा देखावा एका गुहेत आहे. १९६६ सालचा. ही गोष्ट लिहिली बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी, लग्नाआधी, स्पेनमध्ये असताना. तळ्यावर नाचायला उतरलेल्या पऱ्यांना वेळेचं भान राहत नाही आणि चेटकीण त्यांना कमळं करून टाकते. रोज रात्री थोडा वेळच त्यांना पुन्हा नाचता येतं. अंधार होतो, बेडूक वाद्यं वाजवतात, चेटकिणीचा आवाज येतो तो पेरूची गायिका इमा सुमाक हिचा, कमळं उमलतात आणि आतून पऱ्या निघतात. स्पॅनिश बाईनं लिहिलेली, पेरूच्या बाईनं गायलेली, डच माणसांनी बांधलेली ही गोष्ट, आणि नाव भारताचं. आपल्या देशाचं यात नावापलीकडं फार काही नाही, हे मला खरं ते सांगायला हवं. पण कमळातनं पोर उठून उभी राहिली तेव्हा माझे हात नकळत जोडले गेले. आपल्या देवादिकांना कमळातच बघायची सवय डोळ्यांना आहे.

परदेशी माणसाचं चित्र रंगवताना या बागेच्या चुकाही झाल्या आहेत. नरभक्षक आफ्रिकी माणसाच्या कढईत बसून गरगर फिरायचा एक पाळणा इथं १९८८ पासून होता. त्यावर टीका होत राहिली, आणि २०२१ मध्ये तो बंद करून त्याच जागी वाळवंटी वादळाचा नवा पाळणा केला. जगभरच्या देशांच्या बाहुल्यांची जी सफर आहे, तिच्यातल्या थट्टा वाटणाऱ्या बाहुल्याही बदलल्या. ही दुरुस्ती मला योग्य वाटते. ज्या बागेत सगळ्या रंगांची मुलं येतात तिथं एकाही मुलाला आपलं तोंड कढईवर बघावं लागू नये.

रानातली जी गोष्ट मी विसरणार नाही ती काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची. अरुंद गल्ली, बर्फ, भिंतीशी बसलेली चिमुरडी. एकेक काडी ओढते, उजेडात काहीतरी दिसतं. शेवटच्या काडीत तिला आजी दिसते. आजी तिला कुशीत घेते आणि दोघी वर जातात. खाली राहतं ते निश्चल अंग. आमच्या शेजारी चार-पाच डच कुटुंबं होती, एकाही आईनं मुलाचे डोळे झाकले नाहीत. बाहेर आल्यावर नातवानं माझा हात धरला आणि विचारलं, “ती आजी तिला नेहमी न्यायला येते?” मी हो म्हटलं. आपल्या बागांत मुलांना फक्त हसायला लावतात. इथं त्यांना रडायलाही जागा ठेवली आहे, आणि मुलं ते पेलतात.

जेवायला बाकावर टेकलो. समोर हा लठ्ठ माणूस, तोंड आ वासून. होल्ले बोल्ले खैस, डच बडबडगीतातला खादाड. तो ओरडतो, “पापीर हीर!” म्हणजे कागद इकडं! तोंडाजवळ कागद नेला की तो आत ओढून घेतो आणि आभार मानतो. पहिला १९५९ साली बसवला, आता बागभर असे बरेच आहेत. पोरांनी धपाट्यांचे कागद दिले, रुमालाचे कागद दिले. ते संपल्यावर नातीनं माझी पिशवी उपसली. तेही संपल्यावर दोघं आजूबाजूच्या बाकांखाली कचरा शोधत फिरू लागली, आणि मिळेना! कारण त्यांच्याआधी शंभर पोरं तेच करून गेली होती. ‘कचरा टाकू नये’ अशी पाटी मला दिवसभरात आठवत नाही.

दुपार मोठ्या पाळण्यांची. मी आणि हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मेरी-गो-राउंडवर बसलो. हे पूर्वी वाफेवर चालायचं, गावोगावच्या जत्रांतनं फिरायचं. लाकडी घोडे, आरसे, भलामोठा वाजणारा ऑर्गन. नात आणि जावई ‘बॅरन १८९८’ वर गेले. लोभी खाणमालकाची गोष्ट. धुक्यातल्या पांढऱ्या बायका, म्हणजे डच लोककथांतल्या हडळी, त्याला सोन्याला हात लावू नको म्हणून बजावतात, आणि मग गाडी साडेसदतीस मीटरवरनं सरळ खाली जमिनीतल्या खड्ड्यात पडते. खाली आल्यावर जावई म्हणाले की पडण्यापेक्षा पडायच्या आधीचं थांबणं भयंकर. नातीला गोष्ट आवडली. इतक्या मोठ्या यंत्रालाही आधी गोष्ट, मग वेग, हे इथं सुटलेलं नाही. व्हॅन दे व्हेन यांनी १९७८ साली केलेला भुतांचा किल्ला २०२२ मध्ये पाडला तेव्हा लोक हळहळले. त्याच्या जागी २०२४ मध्ये ‘दान्स माकाब्र’ आलं. आत अंधारात अख्खा चर्चचा गायनकक्ष माणसांसकट फिरतो. पोरांना घेऊन आम्ही त्यात गेलो नाही.

सूर्य उतरणीला लागला तसे आम्ही बाहेर पडलो आणि घरी वळण्याआधी दहा मिनिटांवर थांबलो. पाइनच्या झाडीतनं चालत गेलो तो एकदम झाडं संपली आणि समोर वाळू. नुसती वाळू, नजर जाईल तिथवर. समुद्र इथनं दूर आहे. ही वाळू माणसानं मोकळी केली. मध्ययुगात लोकांनी झाडं तोडली, मेंढ्या चारल्या, हिरवळीचे थर सोलून गोठ्यात नेले. वाळू उघडी पडली आणि वारा ती घेऊन निघाला. चौदाव्या शतकात एक अख्खं गाव तिच्याखाली गेलं आणि लोकांना जागा बदलावी लागली. आज सुमारे ३५ चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान आहे, २००२ पासून. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिच्याशेजारी पीट संपलं, मग जोडे आले, जोडे संपले आणि गोष्टी आल्या. गोष्टींना सुपीक जमीन लागत नाही. पोरं वाळूच्या टेकडीवरनं गडगडत खाली येत होती, त्यांना थीम पार्क आणि हे यात काही फरक वाटत नव्हता.

परतीच्या वाटेवर शेतांच्या फाटकाशी भोपळ्यांचे ढीग रचले होते. नारिंगी, हिरवे, पाट्याएवढे मोठे. जवळ पैसे टाकायचा डबा, राखायला माणूस नाही. नातवानं एक उचलून मांडीवर घेतला. “आजी, याची गोष्ट आहे?” मी लेकीकडं जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. वाटेत भेटलेला वाघ, तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येण्याचं वचन, आणि परत येताना भोपळ्यात बसून वाघाला दिलेला चकवा. नात दिवसभर डचमध्ये बोलत होती, ती मराठीत म्हणाली, “ही तिथं रानात का नव्हती?”

तिचं म्हणणं मी कोल्हापूरला घेऊन आले आहे. आपल्याकडं कणेरी मठावर सगळं बलुतेदारी गाव सिमेंटच्या पुतळ्यांत उभं केलेलं आहे, माणसं लांबून ते बघायला येतात. म्हणजे हात आपल्याकडं आहेत. बाबूराव पेंटरांच्या गावात चित्रकार आहेत, कुंभार आहेत, सुतार आहेत, चामड्याला आकार देणारे आहेत. भोपळ्यातली म्हातारी, चिऊचं मेणाचं घर, वाघ आणि ससा, एवढ्या तीन गोष्टी तरी कुणीतरी एखाद्या आमराईत उभ्या कराव्यात. वीट खरी घ्यावी, कौलं जुनी घ्यावीत आणि घाई करू नये. काट्सहूवलनं सुरुवात केली होती ती फक्त दहा गोष्टींनी.